धंदेवाईक खेळाडूचा मान

१९५२ च्या जून महिन्यात लॉर्ड्सच्या मैदानावर इंग्लंडने भारताचा आठ गडी राखून पराभव केला. तरीही तो सामना क्रिकेटच्या इतिहासात 'मंकड यांची कसोटी' म्हणूनच ओळखला जातो. पहिल्या डावात ७२ धावा, मग ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी आणि पुन्हा दुसऱ्या डावात १८४ धावा, असा तो एकहाती पराक्रम होता. त्याची कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. मात्र विनू मंकड त्या सामन्यासाठी कोठून आले होते, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. भारतीय संघाबरोबर ते दौऱ्यावर गेलेलेच नव्हते. लँकेशायर परगण्यातील हॅस्लिंग्डन नावाच्या एका गिरणगावात ते पगारी खेळाडू म्हणून काम करीत होते. दौऱ्यासाठी आपली निवड होणार असेल तर तसे आगाऊ सांगावे, म्हणजे क्लबच्या कराराबाबत निर्णय घेता येईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. नियामक मंडळाने तसे आश्वासन देण्याचे नाकारले. पुढे लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावातील पहिली धाव होण्यापूर्वीच भारताचे चार गडी तंबूत परतले, तेव्हा मंडळाला शहाणपण सुचले आणि मंकड यांना मोकळे करावे म्हणून त्याच हॅस्लिंग्डनकडे शब्द टाकावा लागला.

घरचा संसार चालविणाऱ्या माणसाने आपल्या सहा महिन्यांच्या रोजीची खात्री मागावी, यात उद्धटपणा कोणता? परंतु तो मानला गेला, कारण पैशासाठी खेळणे हे कमी प्रतीचे अशी समजूत आपल्या मनात खोलवर रुजलेली आहे. 'धंदेवाईक' हा शब्दच पाहावा. वैद्यकी किंवा वकिली करणाऱ्याचा 'व्यवसाय' असतो. खेळाडूने मोबदला घेतला की तो 'धंदेवाईक' ठरतो. ही समजूतही आपली स्वतःची नव्हे. इंग्लंडमध्ये हौशी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' यांच्यासाठी कित्येक मैदानांवर कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, मैदानात उतरण्याची दारेही वेगळी असत. घरच्या सुबत्तेवर खेळणारा थोर आणि अंगच्या कसबावर पोट भरणारा हलका, असा तो न्याय होता. इंग्रजांनी हा भेद १९६२ मध्ये मोडीत काढला. आपल्याकडे त्याची सावली अजून रेंगाळते आहे.

लँकेशायरच्या गिरणगावांनी मात्र हा भेद फारसा जुमानला नाही. १८९२ मध्ये सुरू झालेल्या तेथील लीगची रीत साधी होती. संघातील दहा जण गावचेच हौशी खेळाडू, कोणी विणकर, कोणी कारकून, कोणी दुकानदार; आणि त्यांच्या जोडीला एकच पगारी खेळाडू. त्याचा पगार सभासदांच्या वर्गणीतून आणि तिकिटांच्या पैशांतून निघे. शनिवारी दुपारी सामना होई आणि आठवड्यातील इतर संध्याकाळी या पगारी खेळाडूने गावच्या पोरांना शिकवावे अशी अपेक्षा असे. त्याने अर्धशतक काढले की मैदानाभोवती पेटी फिरे आणि गिरणीत राबून आलेले प्रेक्षक तीत आपली नाणी टाकीत. पण तो अपयशी ठरला, तर त्याच लोकांचे बोल त्याला आठवडाभर ऐकावे लागत. ज्यांनी पैसे मोजले त्यांच्यात राहायचे, त्यांच्याच रस्त्याने ये-जा करायची आणि दर शनिवारी आपली किंमत पटवून द्यायची, अशी ही रोकडी परीक्षा होती.

या परीक्षेला आपली माणसे मोठ्या संख्येने बसली. अमर सिंग कोल्नला गेले, लाला अमरनाथ नेल्सनला. सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांनी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके काढली होती. तेही पुढे रॉटनस्टॉलच्या क्लबचे पगारी खेळाडू झाले. कोल्हापूरचे दत्तू फडकर लँकेशायरमध्ये खेळले. मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनला गेले. ज्या परगण्यातील चात्यांवर एकेकाळी वऱ्हाडच्या कापसाचे सूत कातले जाई, तेथेच आता मराठी मुलुखातील कसबी हात मजुरीला गेले. देशासाठी खेळताना मिळणाऱ्या तुटपुंज्या भत्त्यावर घर चालत नव्हते. गिरणगावातील एका उन्हाळ्याच्या कराराचा त्यास आधार होता. थंडी, पाऊस, अनोळखी अन्न आणि एकटेपणा हे सारे त्या करारातच धरलेले होते.

गुप्ते यांची कहाणी तर अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात कसोटी सामन्यांत २७ बळी आणि १९५८ मध्ये कानपूरला एकाच डावात १०२ धावांत ९ बळी घेणारा हा लेगस्पिनर ३६ कसोटींत १४९ बळींवर थांबला. १९६१ च्या डिसेंबरात दिल्लीच्या हॉटेलात त्यांच्या खोलीतील सहकाऱ्याने तेथील एका महिला कर्मचाऱ्यास दूरध्वनी केला, त्यावरून तक्रार झाली आणि खोली एकच एवढ्या संबंधावरून गुप्ते यांनाही शिक्षा झाली. त्यानंतर ते भारताकडून पुन्हा खेळले नाहीत. त्रिनिदादमध्ये त्यांनी संसार थाटला आणि २००२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. रिश्टनच्या क्लबशी त्यांचे नाते कराराचे होते आणि त्या करारात दोन्ही बाजूंना काही हक्क होते. मायदेशीच्या मंडळाशी असलेले नाते कृपेचे होते आणि कृपा कोणत्याही दिवशी काढून घेता येते. खेळाडूच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

क्रिकेटमध्ये आज पैसा आला आहे आणि मंडळाचे करारही लेखी झाले आहेत. पण इतर खेळांची स्थिती काय आहे? बास्केटबॉल घ्या. केरळची गीतू ॲना जोस ही दक्षिण रेल्वेची नोकरी सांभाळून देशाकडून खेळली, ऑस्ट्रेलियातील रिंगवूड क्लबकडून तिने काही हंगाम गाजविले आणि २०११ मध्ये अमेरिकेतील महिला लीगच्या तीन संघांनी तिला चाचणीसाठी बोलावले. निवड झाली नाही. पंजाबच्या खेड्यातून गेलेल्या सतनाम सिंगची २०१५ मध्ये अमेरिकन लीगच्या निवड यादीत बावन्नाव्या क्रमांकावर वर्णी लागली तेव्हा देशभर जल्लोष झाला. पुढे तो दुय्यम लीगमध्ये आणि कॅनडात खेळत राहिला, तेव्हा मात्र त्याची दखल फार थोड्यांनी घेतली. शिखरावर पोचला नाही तो अपयशी, असा हिशेब आपण मांडतो. पण शिखराखालच्या उतारावर वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे राबून, या क्लबातून त्या क्लबात जाऊन पोट भरणारा खेळाडू हा अपयशी नसतो. जगातील बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू असेच जगतात आणि त्यांच्यावरच खेळ उभा असतो.

मराठवाड्याला हंगामी कामाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकणारी कुटुंबे येथे दरवर्षी घर सोडतात. त्यांच्या हालांची बरोबरी कोणत्याही खेळाडूच्या कष्टांशी करता येणार नाही. पण राबणाऱ्याला करार हवा, मोबदला वेळेवर हवा आणि अंग थकल्यानंतरची सोय हवी, ही मागणी दोघांचीही आहे आणि ती न्याय्य आहे.

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे. तेथे पहाटे घाम गाळणाऱ्या मुलामुलींपुढे आज एकच ठळक वाट दिसते: पदक, प्रमाणपत्र आणि पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी. ही वाट वाईट नव्हे. तिने अनेक घरांत दिवा लावला आहे. पण नोकरी लागली की खेळ सुटतो, आणि खेळापेक्षा प्रमाणपत्राची किंमत वाढली की बनावट प्रमाणपत्रांचा बाजारही भरतो. तशी प्रकरणे राज्यात उघडकीस आलेली आहेतच. खेळ हाच ज्याचा व्यवसाय, असा मनुष्य या व्यवस्थेत कोठेच बसत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. एका लहानशा गिरणगावाने वर्गणीतून एक पगारी खेळाडू पोसला. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कारखान्यांचे हे शहर प्रत्येक खेळात एकेक पोसू शकणार नाही काय? त्याने संध्याकाळी पोरांना शिकवावे, सुट्टीच्या दिवशी शहराकडून खेळावे. त्याच्याशी लेखी करार असावा, दुखापतीचा विमा असावा आणि त्याने बाहेर जाऊन चार पैसे मिळवायचे ठरविले तर महासंघाने आडकाठी न करता त्याची वाट मोकळी करावी. नेल्सनने १९२९ मध्ये त्रिनिदादच्या लिअरी कॉन्स्टंटाइन यांना नेमले आणि त्यांच्या नऊ हंगामांत सात वेळा लीग जिंकली. चाळीस वर्षांनंतर त्यांना उमरावपद मिळाले, तेव्हा त्यांनी आपल्या किताबात जन्मभूमीबरोबर नेल्सनचेही नाव घातले. ज्या गावाने मजुरी दिली, त्या गावाला त्यांनी आपले म्हटले. आपल्या खेळाडूंनी आपल्या शहराविषयी असे म्हणावे, अशी इच्छा असेल तर आधी त्यांच्या घामाची रास्त किंमत मोजण्याची तयारी दाखवावी लागेल.