वरातीपुढची दारू

आमच्या भागात लग्नाची बोलणी पक्की झाली आणि याद्या करायला मंडळी बसली, की आचारी, मांडव, वाजंत्री यांच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास निघतो : "दारू किती रुपयांची सांगायची?" पुण्या-मुंबईकडचा पाहुणा यावर दचकतो. त्याला समजावून सांगावे लागते की ही पिण्याची नव्हे, उडवण्याची. शोभेची दारू! मग त्या यादीच्या शेवटी कोणीतरी लिहितो, "दारू - तेरखेडा".

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर, येरमाळ्यापासून जवळच आहे. फटाक्यांच्या धंद्यामुळे लोक त्याला मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात. पाऊस बेताचा, शेती बेभरवशाची आणि हवा बहुतेक दिवस कोरडी. शेतकऱ्याला जाचणारी ही कोरडी हवा दारूकामाला मात्र मानवते, कारण ओल लागलेला माल फुसका निघतो. तमिळनाडूतल्या शिवकाशीची कथाही याहून फारशी वेगळी नाही. तिथेही जिथे पीक येईना तिथे काडेपेटी आणि फटाका आला.

लग्न आणि आतषबाजी यांचे नाते आजकालच्या हौसेतून आले असे समजणाऱ्यांनी पैठणकडे पाहावे. एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात 'रुक्मिणी स्वयंवर' लिहिले, त्यात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नसोहळ्यात दारूकामाचे वर्णन आहे. भांडारकर संस्थेतील साक्षेपी संशोधक प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीचा इतिहास लिहिताना या ग्रंथाची आवर्जून नोंद घेतली. लग्न जमावे म्हणून आपल्याकडच्या मुली ज्या ग्रंथाचे पारायण करीत आल्या, त्यातच फुलबाजीची पूर्वज बसलेली आहे! पेशवाईतही कोट्याच्या दिवाळीतील दारूकामाचे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकवले आणि पर्वतीच्या पायथ्याशी तसा देखावा करवून दाखवला, असे बखर सांगते. हौसेला परंपरा आहे, हे एकदा मान्य करू.

परंतु त्या हौसेचा हिशेब कोणी मांडत नाही. माझी नोकरी बँकेतली. कर्जदाराच्या गोदामात जाऊन मालतारण तपासणे हे कामच होते. हंगामी धंद्याची सगळी दुखणी फटाक्याच्या धंद्यात एकवटलेली असतात. पैसा महिनोन्‌महिने मालात अडकतो, माल दिवाळीच्या चार दिवसांत खपतो आणि उरलेला लग्नसराईवर ढकलावा लागतो. इतर कर्जदाराचा माल बुडाला तर पैसा बुडतो. इथे एक ठिणगी पडली तर माल, शेड आणि माणसे एकाच क्षणी जातात. तेरखेड्याच्या परिसरात असे स्फोट झालेले आहेत. त्या त्या वेळी वर्तमानपत्रात बातमी येते, चौकशी लागते, आणि पुढच्या लगनतिथीला आपण पुन्हा भाव पाडून मागायला उभे राहतो. स्वस्त माल मागणारा गिऱ्हाईकच विनापरवाना शेड उभी करायला मदत करतो, असे माझे मत आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवताना आग लागली. बळी गेल्या त्या मुख्यतः तिथे काम करणाऱ्या बायका. किती किरकोळ वस्तू, आणि केवढी तिची किंमत!

तेव्हा यादी करताना वधूपित्याने दोन गोष्टी विचाराव्यात : कारखान्याला परवाना आहे का, आणि पक्की पावती मिळेल का? स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. कमी धुराचे 'हरित फटाके' तयार करणारी 'नीरी' ही संस्थाही नागपूरचीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बेरियमच्या क्षारांना आणि लांबलचक माळांना बंदी घातली. फुलबाजीच्या जुन्या मसाल्यात बेरियम नायट्रेट हा मुख्य घटक असे, त्यामुळे कारागिरांची पिढीजात प्रमाणेच बदलली. रात्री दहानंतर आवाजी फटाके नकोत, हा दंडक तर २००५ पासूनचा. आपली वरात नेमकी दहानंतर रंगात येते, त्याला काय करावे? वाजंत्री लवकर बोलवावी, दुसरे काय!

गावाकडचे लग्न चैत्र-वैशाखात असते. कडब्याच्या गंजी, बुचाडे वाळून कोळ झालेली, वारा सुटलेला. अशा वेळी वरातीतल्या पोरांनी बाण सोडणे म्हणजे कुणाच्या तरी जनावरांचा वर्षाचा चारा पणाला लावणे. पेटवणारा एकच जाणता माणूस ठरवावा, तो 'घेतलेला' नसावा (इथे दारूचे दोन्ही अर्थ लागू), आणि पाण्याच्या दोन घागरी जवळ असाव्यात. फुलबाजी निरुपद्रवी, असे आपण धरून चालतो. पण तिच्या जळत्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि विझल्यावरही तार चटका देते. पैठणीच्या पदराजवळ आणि चिमुरड्यांच्या मुठीत ती देताना हे लक्षात असावे. विझलेली तार सरळ बादलीत टाकावी.

आता मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या वाटेवर दोन्हीकडून चांदीसारखे कारंजे उडवतात. त्याला 'थंड' आतषबाजी म्हणतात. नाव थंड, पण जळणारी टायटॅनियमची पूड ती जळणारच. २६ सप्टेंबर २०२३ च्या रात्री इराकमधील कराकोश गावी एका लग्नाच्या सभागृहात आतषबाजीने छत पेटले आणि शंभरावर वऱ्हाडी दगावले. वधूवर तेवढे वाचले. आपल्या कार्यालयांतली थर्माकोलची कमान, कापडी छत आणि कुलूप घातलेले मागचे दार आठवून पाहा.

आतषबाजी नकोच, असे मी म्हणणार नाही. तेरखेड्याच्या घराघरांत त्यावर चूल पेटते. मला विचाराल तर आवाजाचा माल निम्म्याने कमी करावा आणि त्या पैशांतून भुईनळे, चंद्रज्योती घ्याव्यात. गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात, मारुतीच्या दर्शनाहून नवरदेव परतताना, दहा मिनिटे नीट उजेड करावा. म्हाताऱ्या आजीलाही तो ओट्यावरून दिसतो, आणि गोठ्यातली गाय दावे तोडत नाही. भाव मात्र घासाघीस न करता द्यावा.