शेवटचा एक मिलिमीटर

मध्य प्रदेशात मासेमारीची बंदी 16 जूनला सुरू होते आणि 15 ऑगस्टला संपते. नदीशी जोड नसलेली छोटी तळी वगळली, तर या दोन महिन्यांत पाण्यात गळ पडता कामा नये. मग तो धार जिल्ह्यातला खलघाट असो की देवास जिल्ह्यातले नेमावर. रॉड बांधणाऱ्यांची कामे मात्र याच दिवसांत रेटून चालतात. माळव्यातल्या आपल्या कारागीर वाचकांच्या टेबलावर आत्ता बुचाच्या चकत्या, रीळ सीट आणि उघडे ब्लँक पडलेले असतील. त्यांच्याकडे यंदा एकच आग्रह धरायचा आहे. मूठ लेथवर पुरी करू नका. शेवटचा एक मिलिमीटर राखून ठेवा आणि ज्याचा रॉड आहे त्याला समोर बसवून तो हाताने उतरवा.

पीथमपूरमुळे धारला आणि औद्योगिक वसाहतीमुळे देवासला चांगल्या टर्नरची वाण नाही. चित्र काढून दिले की तो हव्या त्या मापाची, गुळगुळीत मूठ संध्याकाळपर्यंत हातात ठेवतो. पण त्याचा हात पोलादावर बसलेला असतो, आणि बूच ही झाडाची साल आहे. तिच्या पेशी हवेने भरलेल्या असतात. हत्याराखाली ती दबते, हत्यार उचलले की फुगते, आणि धारदार पाते लावले तर फाटते. म्हणून बुचाला छिन्नी लावू नये, काचपेपरच लावावा: 80 ने आकार, 120 ने वळण, 220 आणि 320 ने हात. दोन चकत्यांमधली गोंदाची रेघ बुचापेक्षा कडक असते. कागद नुसत्या बोटांनी दाबला तर बूच झिजते आणि रेघ वर राहते. ही रेघ पहिल्याच हंगामात तळव्याला टोचू लागते. कागदामागे लाकडाची सपाट पट्टी धरा, कागद वरचेवर बदला आणि दाब हलका ठेवा. चकत्या आवळतानाही पाना अंगचा जोर लावून फिरवू नये. सगळा गोंद बाहेर पडून सांधा कोरडा राहतो.

काम बिघडते ते बहुतेक वेळा क्रमामुळे. आधी लांबी, मग भोक, शेवटी जाडी, हा क्रम मोडू नये. ब्लँक बुडाकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक होत जातो, त्यामुळे मुठीचे भोकही त्याच उताराचे लागते. भोक बसते करून झाल्यावर मूठ लांब वाटली, कापली आणि शेंड्याकडे सरकवली, की ती सैल होते. मग ती जागा चिकटपट्टीच्या वेटोळ्यांनी आणि इपॉक्सीने भरावी लागते. तेव्हा लांबी आधी ठरवा. कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळा आणि बारीक दात्यांच्या करवतीने, मूठ फिरवत फिरवत कापा. रीमर बाजारातून आणण्याची गरज नाही. मोडक्या रॉडच्या बुडाच्या तुकड्यावर 60 नंबरच्या कागदाची पट्टी सर्पिलाकार चिकटवली की ब्लँकच्याच उताराचा रीमर तयार होतो. या कामात भोक केसभर तरी मध्य सोडतेच. बाहेरची जाडी आधीच संपवली असेल तर एका बाजूची भिंत पातळ होते आणि पुढच्या टोकाशी, जिथे मूठ निमुळती होऊन वाइंडिंग चेकला भिडते, तिथे बूच चिरते. राखलेला मिलिमीटर इथे उपयोगी पडतो.

त्याचा दुसरा उपयोग हातासाठी आहे. तयार मुठी सरसकट एका जाडीच्या येतात, आपल्याकडच्या बहुतेक हातांना त्या जाड पडतात. मूठ वळल्यावर मधल्या बोटाचे टोक तळव्याला जेमतेम टेकावे, ही माझी कसोटी. त्याहून जाड मूठ धरायला जोर लागतो आणि तासाभरात मनगट भरून येते. ग्राहकाला ब्लँकवर मूठ नुसती चढवून, रीळ लावून द्या, अंगणात वजन फेकायला लावा. अंगठा कुठे टेकतो ते पेन्सिलीने खुणा करून घ्या आणि तेवढेच उतरवा.

मागच्या मुठीची लांबी पाण्यावर ठरते. 2019 मध्ये सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत भरले आणि निसरपूर, चिखल्दाच्या बाजूला वाहती नर्मदा थांबली. थांबलेल्या पाण्यात कटला, रोहू लागतात. काठावरून लांब फेक दोन हातांनी करावी लागते, म्हणून मागची मूठ लांब हवी. वाहत्या पाण्यात उभे राहून एका हाताने टाकणाऱ्याला तीच लांबी कोपराला आणि सदऱ्याला अडते. त्याची मूठ कोपराच्या अलीकडेच संपावी. 2011 पासून राज्याचा मासा असलेला बाडस, म्हणजे महाशीर, गळाला लागला तर तो थकण्याआधी जवळ घेऊन सोडायचा असतो. त्यासाठी पकड पक्की हवी. आता नर्मदेत तो फार थोडा उरला आहे, तेव्हा ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

पावसाळ्याचे दोन शब्द. बूच आणि इपॉक्सी दोन्ही कोरड्या खोलीत ठेवा आणि 24 तासांच्या आधी मूठ हलवू नका. ओलसर हवेत जास्त वेळ द्या. खळगे बुचाच्याच भुग्यात गोंद कालवून बुजवा. वर जाड वार्निश चढवू नका, ओल्या हातातून मूठ निसटते. भुगा नाकात जातो, तेव्हा मास्क लावूनच बसा.

बुचाच्या ओकाची पहिली साल निघायला सुमारे पंचवीस वर्षे लागतात, पुढची दर नऊ वर्षांनी. जगातले निम्मे बूच पोर्तुगालमधून येते आणि आपल्याला ते महागच पडते. यंदा बांधलेल्या मुठींची मापे, म्हणजे हाताचा घेर, मुठीची जाडी, मागची लांबी आणि कोणत्या पाण्यासाठी बांधली ते, आमच्याकडे लिहून पाठवा. सप्टेंबरच्या अंकात ती छापू.