स्वस्तात पान दाखवू नका!

रात्रीचे साडेअकरा. सबमिशन परवावर आलेलं, तरी आमच्या रूममध्ये सहा जण गोल करून बसलेले. मध्ये पत्त्यांचा कॅट आणि चिंचोक्यांचा ढीग. (रेक्टर सर, घाबरू नका, खरोखरच चिंचोके!) खेळ टेक्सास होल्डेम पोकर. हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच.

माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि किलवरचा राजा. मध्ये चार पानं उघडली होती : चौकट एक्का, बदाम नव्वी, बदाम तिर्री, किलवर सत्ती. म्हणजे माझी एक्क्यांची जोडी, दमदार हात. पॉटमध्ये १०० चिंचोके. समोर आमचा पार्टनर. हा गडी कधी पान टाकतच नाही. हातात दोन बदाम आले की तो पाचवं बदाम येईपर्यंत जागचा हलत नाही. आणि मी काय केलं? "जास्त लावले तर पळून जाईल" या भीतीने फक्त २० लावले. त्याने हसत हसत २० टाकले, शेवटचं पान बदाम निघालं, आणि मी "नशीबच फुटकं राव" म्हणून कपाळाला हात लावला.

मित्रहो, माझं म्हणणं एवढंच, की नशीब फुटकं नव्हतं. बोली फुटकी होती.

हिशेब करून बघू, कॅल्क्युलेटर लागणार नाही. त्याला दिसणारी पानं सहा, न दिसणारी ४६. त्यात बदाम ९. म्हणजे ४६ पैकी ९ वेळा त्याचं काम होणार, ३७ वेळा नाही. साधारण पाचात एकदा. मी २० लावले तेव्हा तो २० देऊन १२० जिंकायला बसला होता. असा डाव ४६ वेळा खेळला तर तो ९ वेळा १२० मिळवतो आणि ३७ वेळा २० घालवतो. वजाबाकी केली तर दर डावाला सरासरी ७ चिंचोके त्याच्याच खिशात. म्हणजे मी ज्याला 'येडा' म्हणत होतो, तो बरोबर खेळत होता, आणि त्याला बरोबर ठरवणारा मीच!

आता ५० लावले असते तर? दर डावाला त्याचं सुमारे ११ चं नुकसान. पूर्ण १०० लावले असते तर ४१ चं. मधली रेघ साधारण ३२ वर. त्याच्या खाली लावलं की आपण त्याला सवलतीत पान दाखवतो, वर लावलं की तो पूर्ण किंमत मोजतो.

"पण एवढे लावले तर समोरचा पळेल ना?" ही शंका शहाण्या गड्याबद्दल ठीक आहे. पानाच्या मागे धावणारा गडी पळत नाही, हाच तर त्याचा गुण! तो २० ला येतो, ५० लाही येतो आणि १०० लाही येतो. मग २० का मागायचे? अशांपुढे गप्प बसून सापळा लावणं फुकट, आणि थापा मारणं तर त्याहून फुकट, कारण तो थापेलाही येतो. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. जे घ्यायचं ते शेवटच्या पानाआधी. बदाम आलं नाही, की तो एक चिंचोकाही देत नाही. आणि बदाम आल्यावर तो अचानक जोरात लावू लागला, तर मुकाट्याने पानं टाका. तिथे हट्टाने पैसे भरले तर वरचा सगळा हिशेब पाण्यात.

डाव अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटायचे, या प्रश्नावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहिली, आणि त्यातून संभाव्यतेच्या गणिताला आकार आला. ज्या विषयाने आपल्यातल्या कित्येकांना केट्या दिल्या, त्याचा जन्मच असा पत्त्या-फाशांच्या अड्ड्यावर! म्हणून म्हणतो, चिंचोक्यांवरचा हा खेळ वाया गेलेला वेळ नाही.

पण चिंचोक्यांवरच. हे मी अनुभवाने सांगतो. सेकंड इयरला मी मोबाईलवर पैसे लावून हाच खेळ खेळायचो, आणि तिथे पार्टनरच्या जागी मी होतो. समोरचे पॉटएवढं लावायचे, मी तरी जायचो, "आता तरी येईल" म्हणत. प्रत्येक पॉटमधून चालकाचा हिस्सा कापला जायचा तो वेगळाच. दोन महिन्यांचं मेसचं बिल गेलं. घरी सांगितलं, जर्नल आणि वर्कशॉपचा खर्च. वडिलांनी काही न विचारता पैसे पाठवले, ते आजही टोचतं. मला कुणी फसवलं नव्हतं. त्यांनी भाव लावला आणि मी तो न मोजता भरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण कायदा आपल्या वतीने भागाकार करत नाही. "आता तरी येईल" ही खोड पत्त्यांपुरती राहत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्रीही तीच बोलते.

म्हणूनच परवा मी पार्टनरसमोर पूर्ण पॉट लावला. तो आला, हरला, पुन्हा आला, पुन्हा हरला. चौथ्या वेळी थांबला आणि म्हणाला, "थांब बे, किती देऊन किती मिळणारे?" आणि पानं टाकली!

माझं एक गिऱ्हाईक कायमचं गेलं. पण दोस्ताला हा प्रश्न चिंचोक्यांत पडला, मला पडायला दोन महिन्यांचं जेवण गेलं. तेव्हा मंडळी, हात दमदार असेल तर मित्राला दया दाखवून स्वस्तात पान दाखवू नका. पूर्ण किंमत सांगा. आणि तुमच्यासमोर कुणी किंमत ठेवली, तर आधी भागाकार करा. बघा, पटतंय का!

— एक चिंचोकेवाला, अंतिम वर्ष