घोयरा खाली उतरलाय, त्याला हात लावू नका

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी बंधू-भगिनींनो, शाळा-कॉलेजच्या पोरांनो, आणि मोबाइल हातात घेऊन जंगलाच्या रस्त्यानं हिंडणाऱ्या सगळ्यांनो,

सोयाबीन निघालं, कपाशी फुटली, तूर कमरेएवढी झाली. याच दिवसांत घोयरा सरड्याची मादी झाडावरून जमिनीवर उतरते. एरवी तिचा मुक्काम धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीत. पण अंडी घालायला तिला माती लागते, आणि मातीपर्यंत पोचायला कधी डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. ही विनंती आजच करतोय, कारण महिनाभरानं करून उपयोग नाही.

गेल्या वर्षी बुलढाण्याहून खामगावला निघालो होतो, बोथ्याच्या रस्त्यानं, ज्ञानगंगा अभयारण्यातून. सकाळचे नऊ वाजले असतील. पुढं चार-पाच मोटरसायकली आडव्या लावलेल्या. मला वाटलं अपघात झाला. बघतो तर रस्त्याच्या मधोमध घोयरा. हिरवागार, वीतभरापेक्षा जरा मोठा, डोक्यावर टोप घातल्यासारखा उंचवटा, शेपटीची जिलबी. एक पाय पुढं टाकायचा, मागं घ्यायचा, वाऱ्यानं पान हलावं तसं डुलायचं आणि मगच टेकवायचा. एक डोळा माझ्याकडं, दुसरा मोटरसायकलींकडं. पोट दोन्ही बाजूंनी टम्म फुगलेलं. म्हणजे मादी, अंड्यांवर आलेली. एक जण व्हिडिओ काढत होता. दुसरा म्हणाला, "हात नोको लावू भाऊ, इखारी हाय थो." आणि तिसऱ्यानं मला विचारलं, "काका, याचे किती भेटतीन?"

दोघांचंही चुकलं होतं, पण धास्ती मला तिसऱ्याची वाटली. घोयऱ्याला विष नसतं, त्याचा फुत्कार म्हणजे नुसता दम. "किती भेटतीन" या प्रश्नाचं विष मात्र खरं आहे. मी एक वाळकी काडी पुढं धरली. चिमट्यासारख्या पायांनी तिनं ती पकडली, आणि ज्या दिशेला तिचं तोंड होतं त्याच बाजूच्या झुडपात मी तिला सोडलं. (ज्या बाजूनं आली त्या बाजूला सोडलं तर ती पुन्हा रस्त्यावर येते. ही चूक मी पूर्वी केली आहे.)

आता त्या प्रश्नाचं उत्तर.

घोयरा म्हणजे भारतीय शॅमेलिऑन. परसातला लाल गळ्याचा सरडा वेगळा, तोही रंग बदलतो म्हणून लोक गल्लत करतात. शॅमेलिऑनचं खरं माहेर मादागास्कर आणि आफ्रिका; आपल्याकडं ही एकच जात. युरोप-अमेरिकेत लोक हे प्राणी काचेच्या पेटीत पाळतात आणि त्यांचा मोठा बाजार आहे. तो आवरायला सायटीस नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली लागू झाला. भारत त्यात १९७६ पासून आहे. पहिल्या परिशिष्टातल्या रानच्या प्राण्यांचा धंदा बंद, दुसऱ्यातल्यांचा परवान्यावर. आपला घोयरा दुसऱ्यात आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात मादागास्करच्या बहुतेक शॅमेलिऑनची आयात थांबवायला सायटीसनं सांगितलं, फक्त चार जाती मोकळ्या ठेवल्या. २०१६ साली जोहान्सबर्गच्या बैठकीत आफ्रिकेतले बोटाएवढे शॅमेलिऑनही दुसऱ्या परिशिष्टात गेले. एक दार लावलं की व्यापारी शेजारचं वाजवतो, म्हणून ही यादी सारखी बदलत असते.

परदेशी परवान्याचं हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की आपणही परवाना काढू. तो मिळणार नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोयरा पकडणं, पाळणं, विकणं, सगळंच गुन्हा आहे.

स्टार कासवाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ते कासव लक्ष्मी आणतं म्हणून आपल्याही गावांत घरोघर ठेवल्याचं ऐकतो. २०१९ साली जिनिव्हाच्या बैठकीत त्याला पहिल्या परिशिष्टात टाकलं. देशातही आता ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं, दंड किमान पंचवीस हजार. आणि हे कासव मूळचं गुजरात-राजस्थानकडचं, नाहीतर आंध्र-तामिळनाडूकडचं. म्हणजे आपल्या टाकीत किंवा अंगणात ते असेल तर कुणीतरी चोरूनच आणलेलं आहे. घोरपडीची तीच कथा. तिच्या नराचा वाळवलेला अवयव "हाथा जोडी" नावानं झाडाची मुळी म्हणून विकतात. पूजेत ठेवणाऱ्या माउलीला आपण कशाला हळदकुंकू वाहतोय याचा पत्ताच नसतो.

परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. इग्वाना, बॉल पायथन, येमेनचा शॅमेलिऑन आता नागपूर-पुण्याहून मोबाइलवर मागवता येतो, आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनाही. २०२२ च्या कायदा-दुरुस्तीनं सायटीसच्या यादीतले असे प्राणी कायद्याच्या कक्षेत आले. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम निघाले, 'परिवेश' पोर्टलवर नोंदणीला सहा महिने दिले होते. ती मुदत सरली. विकणारा "कागद नंतर पाठवतो" म्हणाला तर प्राणी घेऊच नका. नोंदणीविना घरात असेल, तर घाबरून रात्री ज्ञानगंगेत किंवा अंबाबरव्यात नेऊन सोडू नका. तो जगणार नाही, आणि जगलाच तर इथल्या प्राण्यांना रोग देईल. वन परिक्षेत्र कार्यालयात जाऊन स्वतः सांगा. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या सामानात विषारी सापसुद्धा निघाले. पेटी कुठून येते हे न विचारणारं गिऱ्हाईक असतं म्हणून ती येते.

घोयऱ्यासाठी मात्र आत्ता, या महिन्यात, एवढं कराच. दिसला की दगड मारू नका, बरणीत घालू नका. व्हिडिओ काढलाच तर गावाचं, धुऱ्याचं नाव टाकू नका. दलाल तेच शोधत असतात. "माल आहे का" असा मेसेज आला तर तो पुसू नका, तसाच वनखात्याला दाखवा. धुऱ्यावरचं गवत यंदा पेटवू नका, कापून घ्या. अंडी कित्येक महिने मातीतच असतात, आणि त्यातून निघणारी पिल्लं तुमच्याच शेतातले नाकतोडे खाऊन वाढणार आहेत. कुणी पकडताना, विकताना दिसलं तर वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६. तुम्ही शेतातून बोलत असाल तर गट नंबर सांगा, रस्त्यावर असाल तर किलोमीटरचा दगड.

आणि बोथ्याच्या रस्त्यानं सकाळी जाणार असाल तर वळणावर गाडी हळू घ्या. काळ्या डांबरावर हिरवं पान पडलेलं दिसलं आणि ते डुलत असलं, तर थांबा.