अठ्ठावीस अंशांचा सात नंबर

"अरे, डेटा खोटं बोलत नाही." हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मला तीन जणांनी ऐकवलं. तिघंही सॉफ्टवेअरवाले, तिघंही शनिवारी सकाळी माझ्याबरोबर गोल्फ खेळणारे, आणि तिघांनीही गेल्या दोन वर्षांत कस्टम फिटिंग करून नवे आयर्न घेतलेले. मी फिटिंग केलं, पैसे भरले, दीड तास घाम गाळला आणि सेट न घेता घरी आलो. त्यांच्या मते हा शुद्ध अडाणीपणा आहे. रिपोर्ट हातात असताना नाही म्हणणारा इंजिनिअर कसला?

तर हा लेख त्या तिघांसाठी. त्यातला एक मराठी वाचतो. बाकीच्यांना तो सांगेलच.

आधी एक कबुली. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे माझं काम A/B टेस्टची यंत्रणा सांभाळण्याचं आहे... थांबा, मराठीत सांगतो. एका गिऱ्हाईकाला निळं बटण दाखवायचं, दुसऱ्याला हिरवं, आणि कोण जास्त खरेदी करतं ते मोजायचं. आकडे कसे मांडले की माणूस 'घ्या' म्हणतो, हे मला पोटापाण्यासाठी ठाऊक आहे. त्यामुळे फिटिंगच्या त्या वातानुकूलित खोलीत, पडद्यावरच्या हिरव्या गवताकडे बघत उभा असताना, मला जे वाटलं ते आश्चर्य नव्हतं. ओळख पटली, एवढंच.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं. मी ऑस्टिनमध्ये राहतो. इथे गोल्फ म्हणजे फक्त पांढरी पँट घातलेले साहेबलोक नव्हेत. लायन्स म्युनिसिपल नावाचं १९२४ सालचं सार्वजनिक मैदान आहे, सगळे त्याला 'म्युनी' म्हणतात, आणि दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या खेळाडूंना सर्वांत आधी प्रवेश मिळाला अशा मैदानांत त्याची गणना होते. तिथे प्लंबरही खेळतो आणि आमच्यासारखे व्हिसावालेही. पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यातले नंबर घातलेले लोखंडी ते आयर्न. नंबर वाढत जातो तसा दांडा आखूड होतो आणि तोंडाचा तिरपेपणा, म्हणजे लॉफ्ट, वाढतो. लॉफ्ट कमी असेल तर चेंडू लांब जातो, जास्त असेल तर उंच जाऊन जवळ पडतो. सगळं गणित एवढंच.

माझे आयर्न जुने आहेत. पहिल्या नोकरीतल्या मॅनेजरने टेक्सास सोडून जाताना ते मला दिले. जपानी, फोर्ज्ड, पंधराएक वर्षांपूर्वीचे. नऊ नंबरच्या तोंडावर मधोमध रुपयाएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. ती झीज माझी नाही, त्याची. माझी झीज अजून कडेकडेला आहे.

फिटर माणूस भला होता, हे आधीच सांगतो. त्याने घाई केली नाही, खोटं बोलला नाही. मला आधी माझा सात नंबर मारायला लावला, मग एकामागून एक नवे सात नंबर हातात दिले. शेवटी पडद्यावर दोन ओळी राहिल्या. माझा जुना: चेंडूचा वेग ताशी १०६ मैल, स्पिन ६,६००, हवेतून अंतर १४६ यार्ड. नवा: वेग १११, स्पिन ५,०००, अंतर १६०. चौदा यार्डांचा फायदा. सात क्लबच्या सेटची किंमत १,४५० डॉलर, आणि सेट घेतला तर फिटिंगचे १५० माफ.

चौदा यार्ड. हा आकडा हिरव्या रंगात होता. रंग हिरवा का, हे मला कुणी सांगायला नको.

मी विचारलं, या नव्या सात नंबरचा लॉफ्ट किती? त्याने लगेच सांगितलं: साडेअठ्ठावीस अंश. आणि माझा? त्याने मोजून सांगितला: पस्तीस.

म्हणजे तुलना कसली झाली? पँटच्या दुकानात जा. कंबर ३४ इंच, पण लेबलवर ३२. घातल्यावर बरं वाटतं, पोट मात्र तेवढंच. हा उद्योग गोल्फमध्ये कित्येक दशकं चालू आहे. पूर्वी हिकरीच्या लाकडी दांड्यांच्या काळात क्लबना नंबर नव्हते, मॅशी, निब्लिक अशी नावं होती. स्टीलचे दांडे आणि जुळवलेले सेट आले तसे नंबर रुळले. आणि हे नंबर कोणत्याही नियमात बसवलेले नाहीत. नियमांच्या पुस्तकात चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर हवा, वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, इथपर्यंत काटेकोरपणा आहे. पण सात आकडा कोरलेल्या लोखंडाचा लॉफ्ट किती असावा यावर एक अक्षर नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने कोरावं. म्हणून ऐंशीच्या दशकात पस्तीस-छत्तीसच्या आसपास असलेला सात नंबर आता हौशी खेळाडूंच्या सेटमध्ये तीसच्या खाली आला आहे. त्या काळच्या पाच नंबरच्या जागी.

मग मी म्हटलं, माझा पाच नंबर मारून बघू? त्याचा लॉफ्ट साडेसत्तावीस आहे, म्हणजे याच्या जवळचा. फिटरने खांदे उडवले आणि चेंडू ठेवला. सरासरी अंतर १५९ यार्ड.

चौदा यार्डांचा एक यार्ड झाला.

इथे माझे मित्र उसळून उठतात, आणि त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. ते म्हणतात, नुसता लॉफ्ट कमी केलेला नाही. नव्या क्लबचं वजन खाली आणि कडांना सरकवलेलं असतं, त्यामुळे चेंडू आपोआप वर उठतो. लॉफ्ट जुनाच ठेवला तर तो फुग्यासारखा आभाळात जाईल. शिवाय चेंडू मधोमध लागला नाही तरी वेग फारसा पडत नाही. हे सगळं खरं आहे. माझ्याच रिपोर्टमध्ये नव्या सातचा चेंडू माझ्या पाचपेक्षा दोन अंश वर उठला, आणि टोकाला लागलेले फटके कमी आपटले. जुन्या पाच नंबरने उंच मारणं मला जमत नाही, नव्या सातने जमलं. हा फायदा खराच.

पण मग तो फायदा विका! 'तुझा पाच नंबर आता दोन अंश वर उठेल, चुकलेले फटके थोडे कमी चुकतील, १,४५० डॉलर' असं सांगा. मी कदाचित घेतलाही असता. पण हे वाक्य विकलं जात नाही. 'सात नंबर १६० जातो' हे विकलं जातं, कारण पुढच्या शनिवारी पार-थ्रीवर मित्राने विचारलं "काय मारलास?" की "सात" म्हणता येतं. आपण सगळे त्या एका शब्दाचे पैसे देतोय. आणि तो शब्द महाग आहे, कारण मामला तिथे संपत नाही. सगळे नंबर खाली सरकले की पिचिंग वेजही सरकतो. माझ्या सेटमध्ये तो ४७ अंशांचा आहे, नव्यात ४३. पुढचा वेज ५६ चा. मधल्या तेरा अंशांच्या खड्ड्याचं काय? त्यासाठी वेगळा गॅप वेज. नाव तरी बघा! खड्डा आपणच खणायचा आणि बुजवायला माती विकायची. त्या सात क्लबांतला एक हाच होता.

आता त्या 'खोटं न बोलणाऱ्या' डेटाकडे. रडार उत्तम आहे, त्यावर माझा काडीचा आक्षेप नाही. या यंत्रांमधलं सर्वांत नावाजलेलं एक, डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनचं, डॉपलर रडारवर चालतं, आणि चेंडूचा वेग ते माझ्या डोळ्यांपेक्षा कोट्यवधी पटीने चांगला मोजतं. प्रश्न मोजण्याचा नाही, प्रयोगाचा आहे. माझ्या जुन्या क्लबने मी नऊ चेंडू मारले, तेही आल्याआल्या, अंग आखडलेलं असताना. नव्यांनी मिळून चाळीसच्या वर. ज्या फटक्यात मी जमीनच खणली असा एक-दोन वेळा फिटर म्हणाला, "हा धरू नकोस," आणि ती ओळ पुसली. का पुसली? मैदानावर तो फटका पुसला जातो का? माझ्या अंतरांचं प्रमाण विचलन नऊ यार्डांच्या घरात आहे. नऊ चेंडूंवरून काढलेली सरासरी तीन यार्ड इकडेतिकडे होणारच. असा प्रयोग घेऊन मी ऑफिसात गेलो असतो, गट वेगळे, क्रम ठरलेला, नावडते नमुने वगळलेले, तर माझ्या बॉसने मला खोलीबाहेर काढलं असतं. तेच आपण तिघं-चौघं, दिवसभर हेच काम करणारे, संध्याकाळी पडद्यापुढे उभे राहिलो की नंदीबैलासारखी मान डोलावतो.

आणि चटई. खोलीत आपण मऊ चटईवरून मारतो. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी चटईवरून घसरत येऊन चेंडूला लागतो आणि आकडा बरा दिसतो. ऑगस्टमधल्या ऑस्टिनच्या जमिनीवर तोच क्लब टणकन उसळतो आणि चेंडू वीस यार्ड सरपटतो. माझी खरी चूक हीच आहे, आणि ती त्या खोलीत दिसूच शकत नाही.

एवढं बोलल्यावर कुणाला वाटेल की फिटिंग म्हणजे सगळी फसवणूक. नाही. त्या दीड तासात मला एक गोष्ट अशी कळली जी तीन वर्षांत कळली नव्हती. फिटरने चेंडूवर मार्करने एक उभी रेघ काढली, ती रेघ क्लबच्या तोंडाकडे ठेवली आणि म्हणाला, मार. रेघेचा ठसा तोंडावर उमटला, तिरका. म्हणजे फटक्याच्या क्षणी माझ्या क्लबचा पुढचा भाग खाली झुकलेला असतो. माझ्यासाठी क्लब जरा जास्तच आडवा आहे, त्याचा लाय अँगल दोन अंशांनी उभा हवा. आडवा क्लब चेंडूला उजवीकडे पाठवतो, आणि मी तीन वर्षं उजवीकडच्या झाडांत चेंडू शोधत फिरलो आहे. त्यावर उपाय म्हणून मी माझं मनगट, माझी पकड, एकदा तर माझे बूट बदलले होते.

ही मार्करची रेघ हेच खरं फिटिंग. दोन डॉलरचा मार्कर. कार्स्टन सोल्हाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर, स्वतःचं पटिंग वाईट म्हणून १९५९ मध्ये त्याने पटर बनवला आणि त्यातून पिंग कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीचा रंगांचा तक्ता प्रसिद्ध आहे: तुमची उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, या दोन आकड्यांवरून क्लबवर ठिपका. काळा म्हणजे नेहमीचा, निळा म्हणजे थोडा उभा, लाल म्हणजे थोडा आडवा. तोही क्लब विकतच होता, संत नव्हता. पण त्याच्या तक्त्यात माप माणसाचं होतं. शिंप्याने माप घ्यावं तसं. आजच्या खोलीत माप घेणारा शिंपी आणि कापड विकणारा दुकानदार एकच, आणि बिलही एकच. खरं निदान आणि फुगवलेला आकडा एकाच कागदावर छापून देतात, म्हणजे पहिल्याच्या भरवशावर दुसरंही खपतं. माझं भांडण या कागदाशी आहे.

"तुला परवडत नाही असं सरळ सांग ना," असं तिघांपैकी एक म्हणाला. बरं, सांगतो. आमच्या मजल्यावर मार्चमध्ये अकरा खुर्च्या रिकाम्या झाल्या. नोकरी गेली तर माझ्याकडे साठ दिवस असतात. १,४५० डॉलर म्हणजे त्यातल्या कित्येक दिवसांचं भाडं. पण समजा पैसे उडवायचेच असतील. गेल्या बारा फेऱ्यांची माझी वही आहे. सरासरी ९६. प्रत्येक फेरीत साधारण पाच वेळा मी एकाच होलवर तीन पट मारतो. ग्रीनच्या कडेवरून मारलेले चिप निम्म्या वेळा कडेवरच राहतात. हाही डेटाच की! पण यातली एकही ओळ आयर्न बदलून हलत नाही, म्हणून ती पडद्यावर येत नाही. पडद्यावर तेच मोजलं जातं जे काउंटरवर विकायला ठेवलेलं असतं.

मग मी काय केलं. शहराच्या उत्तरेला एका गॅरेजमध्ये क्लब दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे पोलादी शिकंजा आहे. त्यात क्लबचं डोकं आवळतात आणि मानेला लांब दांडी लावून वाकवतात. ओतलेल्या कडक स्टीलचे क्लब सहज वाकत नाहीत, फोर्ज्ड मऊ लोखंड वाकतं. त्यांनी प्रत्येक क्लब मोजला, दोन अंश वाकवला, परत मोजला. क्लबमागे पाच डॉलर. सहाव्या क्लबच्या वेळी त्यांनी नऊ नंबरवरची ती गुळगुळीत जागा अंगठ्याने चोळली आणि विचारलं, "हे तुझं?" मी नाही म्हटलं.

ग्रिपही बदलून घेतल्या. उरलेल्या पैशांतून एका शिक्षिकेकडे चार तास लावले आहेत, फक्त चिपिंग आणि पटिंगचे. पहिल्या तासात तिने माझ्या हातात क्लब दिलाच नाही, चेंडू हाताने ग्रीनवर सोडायला लावला, चाळीस वेळा.

गेल्या शनिवारी म्युनीवर उजवीकडच्या झाडांत मी दोनदाच गेलो. ९४ झाले. हेही एकाच फेरीचं, तेव्हा त्यावरून मी काही म्हणणार नाही. एका पार-थ्रीवर, १५५ यार्डांवर, मित्राने नवा सात नंबर काढला आणि मला विचारलं, तू काय मारतोयस?

पाच, म्हटलं.


तो हसला. दोघांचेही चेंडू ग्रीनच्या डाव्या बंकरमध्ये गेले.