खोट्या अनुभवपत्राची वकिली

'मुलाखतीत गॅप दिसता कामा नये' हा मंत्र सध्या नंदुरबार जिल्ह्यात मोठ्या श्रद्धेने वाटला जातो आहे. शहादा-तळोद्याच्या कॉलेजांत, रोजगार मेळाव्यांच्या मांडवांत आणि सशुल्क वर्गांत व्याख्यानं देत फिरणारे एक मार्गदर्शक त्याचे मुख्य पुरोहित आहेत. त्यांचं नाव घेत नाही, कारण त्यांच्यासारखे आणखी बरेच आहेत आणि त्यांना रुसायला नको.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मुलाखत घेणाऱ्याला खरं नको असतं, त्याला सलग तारखा हव्या असतात. मधली दोन वर्षं रिकामी दिसली की अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो. म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून, नाहीतर काकांच्या बी-बियाण्यांच्या दुकानातून लेटरहेड आणावं, त्यावर 'यांनी आमच्याकडे काम केले आहे' एवढं लिहून शिक्का मारून घ्यावा, आणि विचारलंच तर न अडखळता तेच सांगावं. प्रामाणिकपणा ही पोट भरलेल्यांची चैन आहे, गरिबाच्या पोराला ती परवडत नाही. या शेवटच्या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. गरिबाच्या नावाने केलेल्या कुठल्याही लबाडीला आपल्याकडे टाळ्या पडतातच.

किरकोळ आक्षेप आधी उरकतो. भविष्यनिर्वाह निधीत 2014पासून प्रत्येक कर्मचाऱ्याला एकच यूएएन क्रमांक मिळतो, आणि कुठे कधी लागला, कधी सोडलं हे त्यात नोंदलेलं असतं. बऱ्यापैकी कंपनी ते पाहते. जिथे निधीच कापला जात नाही अशा दुकानाच्या कागदाला ती कंपनी तशीही विचारत नाही. टॅली येतं म्हणून सांगितलं, तर पहिल्या सोमवारी संगणकासमोर बसवतात आणि मार्गदर्शक तिथे हजर नसतात. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे, हेही व्याख्यानात येत नाही. वेळ कमी पडत असावा.

पण हे सगळं पकडलं जाण्याचं भय झालं, आणि भयाच्या जोरावर वाद जिंकण्यात मला रस नाही. माझा खरा राग वेगळा आहे. हा सल्ला देशात कुठेही दिला असता तर मी खांदे उडवून गप्प बसलो असतो. तो नंदुरबारमध्ये दिला जातो, हे मला सहन होत नाही.

या जिल्ह्यात दहापैकी जवळजवळ सात माणसं आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची, गावित. यांच्या वाट्याच्या किती नोकऱ्या खोट्या कागदांनी खाल्ल्या, याचा इतिहास अजून संपलेला नाही. ज्यांचा जमातीशी संबंध नाही अशा माणसांनी दाखले मिळवले, राखीव जागांवर रुजू झाले, बढत्या घेतल्या. पडताळणीची वेळ आली की कागद 'हरवला', तारीख 'पुढे गेली', आणि निवृत्ती जवळ आली. म्हणून 2001मध्ये महाराष्ट्राला जातपडताळणीचा स्वतंत्र कायदा लागू करावा लागला. 6 जुलै 2017ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश, कितीही वर्षं उलटली तरी, राखता येणार नाही. त्यानंतर झालं काय? 21 डिसेंबर 2019च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपलीकडच्या जादा, पदांवर नेऊन, सुरुवातीला 11 महिन्यांसाठी, बसवलं. दाखला अवैध, पगार वैध! इकडे खऱ्या आदिवासीचं पोरगं आपण खरे आहोत हे सिद्ध करायला आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरतं, आणि आजोबा शाळेत गेलेलेच नसतात.

तेव्हाही खोट्या कागदाची वकिली करणारे होते. त्यांची वाक्यं आठवून पाहा. 'माणूस काम तर नीट करतो ना?' 'एका कागदाने काय होतं?' 'पोटाचा प्रश्न आहे, सहानुभूतीने बघा.' आज तीच वाक्यं मार्गदर्शक महाशय अनुभवपत्रासाठी वापरतात, एक शब्दही न बदलता. फरक इतकाच की तेव्हा खोटा कागद या पोरांच्या विरोधात वापरला गेला, आता तो त्यांच्याच हातात दिला जातो आहे. याला ते समान संधी म्हणतात. मी म्हणतो, ज्या नंदुरबार शहरात जमातीचे दाखले तपासणारी समिती बसते, त्या शहरात भरवस्तीत खोट्या कागदाचे वर्ग चालवायला धाडस लागतं. उद्या याच पोरांनी बोगस दाखल्यांविरुद्ध मोर्चा काढला आणि समोरच्याने विचारलं, 'तुझ्या अर्जातलं ते मेडिकलचं पत्र कुठलं रे?' तर काय उत्तर द्यायचं, हेही मार्गदर्शकांनी शिकवून ठेवावं.

    

आता ज्याला मार्गदर्शक गॅप म्हणतात तो काय आहे ते पाहू. अक्राणीच्या, अक्कलकुव्याच्या, नवापूरच्या पाड्यांतून दिवाळीच्या सुमाराला माणसं दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोली, सुरत, नवसारी, वलसाड. दोन माणसांचा मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. ज्या घरात आई आजारी पडली त्या घरातला बी.ए. झालेला मुलगा बापाबरोबर दुसरा माणूस म्हणून उभा राहतो. पहाटे तोड, रात्री ट्रक भरणं. उचलीतून किती वजा झाले, टनाच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय, हे टोळीत त्यालाच वाचता येतं, म्हणून मुकादमाशी भांडायलाही तोच पुढे. हे सहा महिने बायोडाटात 'रिकामे'! आणि मेडिकलच्या काउंटरवर न उभं राहता मिळवलेलं पत्र म्हणजे 'अनुभव'! ज्या फायनान्स कंपनीला धडगावच्या पाड्यांवर हप्ते गोळा करायला माणूस हवा आहे, तिने यातला कोणता निवडावा? पावरी बोलणारा, हिशोबावरून मुकादमाला न घाबरलेला, की लेटरहेडवाला?

दुसरा गॅप सरकारने दिलेला. 5 एप्रिल 2020ला व्हायची राज्यसेवा पूर्वपरीक्षा 21 मार्च 2021ला झाली. 2023च्या तलाठी भरतीत 4644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, आणि निकाल लागले तेव्हा पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या, जागा न्यायालयातल्या वादामुळे अडकून राहिल्या. नंदुरबारच्या उमेदवाराने त्या काळात काय केलं म्हणून विचारता? वाट पाहिली. लपवायची असेल तर सरकारने लपवावी.

बाळंतपणामुळे पडलेल्या खंडाबद्दल मुलीला खोदून विचारणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे युक्तिवाद नाही, फक्त शिष्टाचाराचं एखादं पुस्तक भेट द्यायची तयारी आहे.

मग बोलायचं कसं? फार मोठं शास्त्र नाही त्यात. विचारण्याआधी आपणच सांगावं, दोन वाक्यांत, रडगाणं न गाता: 'सर, दोन हंगाम घरच्यांबरोबर ऊसतोडीला होतो, टोळीचा हिशोब मी ठेवायचो. नंतर तलाठीची तयारी केली, निवड झाली नाही.' जे येत नाही ते येत नाही म्हणावं: 'टॅलीचा कोर्स केलाय, प्रत्यक्ष काम केलेलं नाही.' महिने बायोडाटात जसेच्या तसे लिहावेत. एवढंच. खरं सांगून नोकरी जाते का? जाते. मार्गदर्शकांचा हा एक मुद्दा मी खोडणार नाही, कारण खोडता येत नाही. पण जिथे ऊसतोड हा शब्द ऐकून साहेबाचं तोंड वाकडं होतं, तिथे रुजू झाल्यावर तो शब्द जन्मभर गिळून बसावं लागतं, आणि त्या खोट्याच्या बरोबरीने बापाचं कामही लपवावं लागतं.

मार्गदर्शकांचा खरा श्रोता चुकला आहे. खंड पाहून अर्ज बाजूला टाकणारे पोरांच्या बाकांवर बसत नाहीत, ते मेळाव्यात टेबलामागे पाण्याच्या बाटल्या घेऊन बसतात. भालेरच्या आणि नवापूरच्या औद्योगिक वसाहतींतून, सुरतेच्या गिरण्यांतून, बँका-फायनान्समधून ते येतात. या जिल्ह्यात दिवाळी ते होळी माणसं कुठे असतात, हे त्यांना एकदा तासभर समजावून सांगा. ते व्याख्यान सुरू होईपर्यंत, मुलांनो, या वर्गाची फी भरू नका. आणि भरली असेल तर पावती मागा, तो कागद तरी खरा असू द्या.