पहिला नांगर खपेपर्यंतची दोन वर्षं

दिवाळीचा हंगाम सरला की छोटे उद्योग चालवणारे वाचक मला साधारण एकच प्रश्न विचारतात. जाहिरातीवर पैसे घातले, माल म्हणावा तसा उठला नाही, आता जाहिरात बंद करू की धंदाच बदलू? पैसा घरचा असतो, कधी बायकोचे दागिने गहाण ठेवून उभा केलेला असतो, त्यामुळे ही घाई मला कळते. तरी या आठवड्यात उत्तरासाठी मी वाचकांना सव्वाशे वर्षं मागे, बेळगावात नेणार आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली नोकरी सोडून बेळगावात आले. तिथे त्यांचं सायकलींचं दुकान होतं. पुढे कडबा कापायची यंत्रं बनू लागली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. त्यातला पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणत.

ही गोष्ट सहसा अडाणी गिऱ्हाईक आणि द्रष्टा उद्योजक अशा थाटात सांगितली जाते. मला ते पटत नाही. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ मध्ये बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथले शेतकरीही हेच म्हणाले होते. दोन खंडांतले शेतकरी शंभर वर्षांच्या अंतराने एकच हरकत घेतात, तेव्हा त्या हरकतीच्या पोटात काय आहे ते पाहायला हवं.

बेळगाव, सांगली, साताऱ्याकडचा शेतकरी तोवर लाकडी नांगर वापरत होता. तो गावचा सुतार करून द्यायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा आणि मोबदल्यात सुगीला बलुतं घेऊन जायचा. या व्यवहारात रोकड जवळपास नव्हतीच. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे मोजायचे. त्याचा फाळ झिजला तर नवा आणायचा कुठून? बैलांना तो ओढवेल का? नांगरट उन्हाळ्यात होते, पीक हाती येतं पावसाळ्यानंतर, ज्वारी तर त्याहून उशिरा. म्हणजे नांगर चांगला की वाईट, हे कळायला जवळजवळ वर्ष जातं. जमीन नासली तर घरदार उपाशी. अशा माणसाने दुसऱ्याच्या शेतात दोन हंगाम पाहून मग हात घालायचं ठरवलं, तर तो शहाणपणाच आहे.

गिऱ्हाइकाची खात्री पटायला जेवढा काळ लागतो, त्याच्या आत विक्री व्हावी असा हट्ट धरता येत नाही. नांगराचा पुरावा पिकात असतो आणि पीक कारखानदाराच्या सोयीने वाढत नाही. पाऊस, बैलांची ताकद, गावातली कुजबुज यांतलं काहीही लक्ष्मणरावांच्या हातात नव्हतं. ओतकाम किती चांगलं करायचं, फाळ किती टिकाऊ करायचा, सुटे भाग वेळेवर पुरवायचे की नाही, हे मात्र पूर्णपणे कारखान्याच्या हातात होतं. लाकडी नांगर माती फाडतो, लोखंडी नांगर ती उलथून टाकतो आणि हरळीची मुळं वर येतात. हा फरक एकदा शेजारच्या रानात दिसला की तो पटवायला विक्रेत्याची गरज उरत नाही.

पुढची अडचणही त्यांच्या हातातली नव्हती. बेळगावातली जागा नगरपालिकेला हवी होती, ती सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोडजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा मिळवून त्या वितळवल्या गेल्या. युद्ध थांबवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. भट्टी चालू ठेवणं होतं, आणि सगळी बुद्धी तिथे लागली.

या कहाणीतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं पान १९२० मधलं आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. हे कारखान्याच्या मालाची माहिती देणारं पत्र. शेतकरी नांगर घेतो आयुष्यात एकदा-दोनदा. मधल्या वर्षांत त्याच्याशी बोलायचं काय? शंकररावांनी अंकात नांगरापलीकडचे विषय आणले. हळूहळू त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. काही विकत घ्यायचं नसलेल्या महिन्यातही वाचक या नावाची वाट पाहत होता. आज ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणून हजारो रुपयांचे वर्ग चालतात, ते रेल्वेच्या एका आडस्टेशनाजवळच्या माळावर शंभर वर्षांपूर्वी घडत होतं, आणि एका अंकाने किती नांगर खपले असा हिशोब मांडून ते चालणं शक्यच नव्हतं.

आता एक गोष्ट, जी धीराचे उपदेश करणारे सांगत नाहीत. धीराला भांडवल लागतं. नांगर पडून होता तेव्हा किर्लोस्करांकडे कडब्याची यंत्रं होती. वाडी उभारताना औंधच्या राजाने जमिनीबरोबर कर्जही दिलं. ज्या बाईने बचत गटाचं कर्ज काढून पापड-मसाल्याचा उद्योग उभारला आहे आणि जिचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, तिला ‘थांबा, ब्रँड घडायला वेळ लागतो’ असं सांगणं निर्दयपणाचं आहे. थांबायचं असेल तर घर चालवणारा दुसरा माल आधी हवा. कर्ज देणाऱ्यांनीही हप्त्याची सुरुवात त्या धंद्याच्या हंगामाशी जुळवायला हवी. लोणच्याचं वर्ष कैरीपासून सुरू होतं, बँकेचं एप्रिलपासून.

महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात मी हे दरवेळी पाहतो. स्टॉलवर गर्दी असते, चव आवडते, गिऱ्हाईक विचारतं, ‘ताई, हे परत कुठे मिळेल?’ आणि उत्तर येतं, ‘पुढच्या वर्षी इथेच.’ इन्स्टाग्राम उद्या कोणाला काय दाखवेल, हे त्या ताईंच्या हातात नाही. पाकिटावर ठसठशीत छापलेला फोन नंबर, घेऊन गेलेल्या माणसांची वहीत लिहिलेली नावं, तिखटाचं न बदलणारं प्रमाण आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्या नावांना ‘कुरडया तयार आहेत’ असा एक निरोप, हे सगळं त्यांच्या हातात आहे. जाहिरात बंद करू का विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न एवढाच, की गेल्या दिवाळीला ज्यांनी माल नेला त्यांची यादी तुमच्याकडे आहे का? नसेल, तर पुढचा रुपया जाहिरातीवर घालण्याआधी एक वही आणा.